मरणाच्या शिनवर खूश होऊन

मयतीला कोणी कोणाला बोलावत नसतं. कळलं की माणूस टॉवेल खांद्यावर टाकतो आणि निघतो. पण आमच्या जांभूळबोडीत गोपीचंद कापगते हा असा एकच माणूस, की ज्याला 'येऊ नका' म्हणून निरोप जायचा. हात जोडून, चांगल्या शब्दांत, पण जायचा. कारण गोपीभाऊ मयतीच्या अंगणात शिरले की लोकांना हसू फुटायचं.

यात अर्धा दोष माझा आहे, म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. मी टेकचंद. अर्जुनी मोरगावला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तीस वर्षांपासून मी लग्नांची शूटिंग करतो. माझ्या हजारभर लग्नांच्या कॅसेटी लोकांच्या कपाटात बुरशी खात पडल्या आहेत. एकदा पाहिल्या की पुन्हा कोणी लावत नाही, नवरा-नवरीसुद्धा नाही. आणि ज्या एका सिनेमाची मला अजून लाज वाटते, तो मला सतरा वर्षं झाली दर मंडईला दाखवावा लागतो. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा. दुकानं, दंडारीचा नाच, लेकी-जावई आणि रात्रभर नाटक. नाटकाच्या आधी, संध्याकाळी सातला, शाळेच्या मैदानावर आमचा सिनेमा. नाटकाला येत नाहीत एवढे लोक सिनेमाला येतात, हे नाटकवाल्यांना विचारलं तर ते कबूल करणार नाहीत.

गोपीभाऊ आज बासष्ट वर्षांचे आहेत. चार एकर धानाची शेती, आणि तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, किती वेळ सोडायचं ते पाहण्याचं काम. पाणी सोडण्यावरून सख्खे भाऊ फावडी घेऊन उभे राहतात, पण गोपीभाऊंनी सांगितलेली वेळ सगळे मानतात. या माणसाची दुसरी ओळख म्हणजे ते मरायचे फार छान. मंडईच्या नाटकात वीस वर्षं त्यांनी शेवटच्या अंकात मरण्याचं काम केलं. विष पिऊन, फाशी जाऊन, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून. बायका पदर तोंडात धरून रडायच्या. त्यांच्या बायको कुंदाबाई सांगतात, "लगन झाल्यावर पयल्याच मंडईत मी यायले मरताना पायलं, आन मंडपातूनच बोंब ठोकली. सासूनं हात धरून बसवलं मले."

तर २००७ साली आमच्या डोक्यात सिनेमा काढायचं आलं. माझ्याकडे नवा कॅमेरा आला होता, आणि नवा कॅमेरा हातात आलेल्या माणसासारखा उंटावरचा शहाणा दुसरा नाही. गोष्ट गावचीच: पूर्वी कधीतरी तलावाची पाळ फुटू लागली, तेव्हा गावच्या एका पुरुषानं भगदाडात आडवं पडून गाव वाचवलं. नाव ठेवलं, 'पाळ फुटली कुंकवाची'. नाव कोणी सुचवलं ते आज कोणीच सांगत नाही.

कार्तिकात शूटिंग सुरू केली तेव्हा तलाव भरलेला होता. मग कापणी आली, हिरोसकट सगळे धानाच्या मागे लागले. मळणी झाली, लग्नसराई आली, त्यात मी अडकलो. पुन्हा कॅमेरा लावला तो वैशाखात, आणि तलाव तोवर आटून त्याला भेगा पडलेल्या. त्यामुळे आमच्या सिनेमात गोपीभाऊ "पानी वाढून राहिलं! पाळ जाऊन राहिली!" असं जीव तोडून ओरडतात आणि त्यांच्या मागे कोरड्या तलावात गावातल्या धनसिंगचा बैल निवांत चरत असतो. पूर दाखवायला मी बाजूच्या बाईकडून दोन बादल्या पाणी फेकून घेतलं. त्यातली एक बादली फ्रेममध्ये आली आहे, बाईच्या हातासकट.

हे सगळं एकवेळ खपलं असतं. खरी माती झाली ती मरणाच्या शिनमध्ये.

गोपीभाऊ भगदाडात पडले होते, छातीवर माती, डोळे अर्धे मिटलेले. काय सुंदर मरत होते म्हणून सांगू! आणि तेवढ्यात गर्दीतून मनिराम पुस्तोडे उठला. हा गोपीभाऊंचा लहानपणापासूनचा मित्र, शूटिंग पाहायला आला होता. लुंगी, बनियान, कानावर बिडी. आमच्या नाटकात रिवाज असा, की एखाद्याचं काम आवडलं तर बघणारा थेट मंचावर चढतो, कलाकाराच्या छातीला टाचणीनं नोट लावतो, आणि कलाकार काम थांबवून त्याचं नाव पुकारतो. राजा असो की भिकारी, मेलेला असो की मरणारा, नाव पुकारायचंच. मनिराम सरळ फ्रेममध्ये आला आणि त्यानं गोपीभाऊंच्या कुडत्याला दहाची आणि एकची अशा दोन नोटा लावल्या. वीस वर्षांची सवय. गोपीभाऊ मरता मरता उठून बसले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जांभूळबोडी निवासी श्री मनिराम पुस्तोडे यांनी मरणाच्या शिनवर खूश होऊन अकरा रुपये बक्षीस दिले, कलाकार त्यांचा आभारी आहे!" एवढं बोलून पुन्हा आडवे झाले आणि मेले. फक्त आधी डोकं डावीकडं होतं, आता उजवीकडं.

मी कॅमेरा बंद करायचा की नाही? पण मी लग्नवाला. लग्नात आहेर देणाऱ्याचा चेहरा आला नाही तर अख्खं लग्नघर भांडायला येतं. तेव्हा नोट दिसली की माझा कॅमेरा आपोआप देणाऱ्याच्या तोंडावर जातो. मी मनिरामचा चेहरा जवळून घेतला, चांगला सावकाश घेतला. पुढं गोंदियाला एका पोऱ्याकडून मिक्सिंग, म्हणजे जोडकाम, करून घेतलं, तर त्यानं लग्नाच्या पॅकेजातल्या गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या त्याच्यावरून, आणि मागे सनई. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

पहिल्या मंडईला सिनेमा लागला आणि लोक इतके हसले की शाळेची भिंत हालली असेल. गोपीभाऊ मध्येच उठून घरी गेले. मी मनाशी म्हटलं, संपलं एकदाचं. कुठलं काय! दुसऱ्या वर्षी मंडईच्या आधीच पाच गावांचे लोक विचारू लागले, "तो मरनाचा सिनेमा यंदा हाये ना?" मग दरवर्षी. बैल कधी येणार, बादली कधी दिसणार, हे लोकांना पाठ झालं. बैलाला नावानं हाका पडायच्या. बक्षिसाचं वाक्य तर हजार माणसं एका सुरात म्हणायची. मोबाइल आले तसा तो तुकडा गावाबाहेर गेला. गोंदियाच्या बाजारात हिंदी बोलणारी पोरं गोपीभाऊंना अडवून म्हणायची, "काका, एक बार मर के दिखाओ ना!" गोपीभाऊ भाजीची थैली घेऊन तसेच मागे फिरायचे.

लोकांना यात एवढं काय आवडतं, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. चांगल्या सिनेमात आपण नुसते बसून असतो, तो आपल्याला काही विचारत नाही. आमच्या सिनेमात लोकांना हाका मारायला, सांगायला, पुढचं आधी बोलायला जागाच जागा आहे. आणि खोटं म्हणाल तर त्यात एवढंसंही नाही, तेवढी अक्कलच आम्हाला नव्हती. पण हे शहाणपण मला नंतरचं. तेव्हा मला फक्त गोपीभाऊंचा चेहरा दिसायचा आणि मी तोंड चुकवायचो.

मयतीचं सुरू झालं ते बारा-तेरा वर्षांपूर्वी. माजी सरपंचाचा बाप वारला. गोपीभाऊ अंगणात आले आणि त्यांनी हात जोडले. तेच हात, तसेच जोडले. मागच्या रांगेत कोणाच्या तरी नाकातून हसू सुटलं आणि मग रांगच्या रांग हलू लागली. बापाच्या उशाशी बसलेला सरपंचही हसला, आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की तो महिनाभर गोपीभाऊंशी बोलला नाही. त्यानंतर कोणी गेलं की त्या घरचं माणूस आधी कापगत्यांच्या दारी येऊ लागलं. गोपीभाऊ ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि घरात जायचे.

दोन वर्षांपूर्वी मनिराम गेला. धान निसवत, लोंब्या धरत असताना, बांधीतच छातीत कळ आली. गोपीभाऊ टॉवेल घेऊन निघालेच होते, तर मनिरामचा मोठा भाऊ दारात उभा. "गोपी, आमच्या घरची मयत हाये गा. तमासा नोको." गोपीभाऊ तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. तिथून मोक्षधामाचा धूर दिसतो.

मागच्या दिवाळीआधी ते माझ्या स्टुडिओत आले. बसले नाहीत.

"टेकचंद, तो शीन काप."

"कापला त उरते काय गोपीभाऊ?"

"मरन उरते. साजरं मरन." मग खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "मी आता किती दिसाचा सांग? उद्या मी खरोखरचा मेलो, त लोक काय करतीन? तिरडीवर मी आन खांदा देनारे हासून राहिले. असा जाऊ का मी? एक डाव तरी लोकायनं मले मरताना चूपचाप पायलं पायजे. मंग मी मोकळा."

मी अठरा दिवस बसून सिनेमा दुरुस्त केला. बैल काढला, बादली काढली, पाकळ्या काढल्या, सनईच्या जागी बासरी टाकली. मनिराम फ्रेममध्ये शिरतो तिथून गोपीभाऊ पुन्हा आडवे होतात तिथवर सगळं कापून टाकलं. लोक हसतील असं जे जे दिसलं ते कापत गेलो, तेव्हा दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा तासाभरावर आला. खरं सांगतो, ठीकठाक झाला होता. कोणाला दाखवला असता तर 'बरा आहे' म्हणाला असता.

मंडईच्या दिवशी गोपीभाऊ सतरा वर्षांत पहिल्यांदा मैदानावर आले. इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेत खुर्ची. शेजारी कुंदाबाई. सिनेमा सुरू झाला. बैलाच्या जागी लोकांनी सवयीनं हाक मारली, बैल आलाच नाही. एक हसला, दुसऱ्यानं विचारलं, "बैल कुठी गेला बे?" बादलीही गेली. हळूहळू लोक गप्प होत गेले. मरणाचा शीन आला तेव्हा मैदानात टाचणी पडली तर ऐकू यावी. गोपीभाऊ श्वास रोखून पडद्याकडे बघत होते. त्यांना मागचं दिसत नव्हतं, मला दिसत होतं. निम्मे लोक मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते. दोन बाया पोरांना ओढत जिलेबीच्या दुकानाकडे निघाल्या होत्या. शांतता होती, पण ग्रामसभेतली.

पडद्यावर 'समाप्त' आलं. तेवढ्यात बायांच्या रांगेतून सावित्रीबाई उठल्या. मनिरामची बायको. साठीची बाई, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही.

"थांबवा जी," त्या म्हणाल्या. "माहा मानूस कुठी गेला?"

सतरा वर्षं मी तो शीन पाहत होतो, अठरा दिवस तो कापत होतो, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. गोपीभाऊंच्याही नाही. मनिरामच्या घरी व्हिडिओ दिसणारा मोबाइल नाही आणि त्याचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरून मोठा करून हार घातलेला. त्यात तो मनिराम कमी आणि चोर जास्त दिसतो.

"वर्षातून एक डाव चालताना दिसते तो मले," सावित्रीबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी येतो मी इती. कोनं काहाडला त्याले?"

गोपीभाऊ उभे राहिले. "मीच काहाडाले लावला वयनी. टेकचंदचा दोष नाई. लोक हासतेत."

"हासतेत त हासू द्या! तो का हासाले आला होता तुमच्यापाशी?" बाईचा आवाज चढला आणि कोणीतरी माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "तुमाले मरताना पाहून त्याच्या डोऱ्याले पानी आलं जी. घरी आला, ताटावर बसला, जेवला नाई. म्हने, गोपी असा मेला का मले सहन नाई झालं, मी तसाच उठून बक्षीस लावून आलो. आन तो मेला त तुमी आले नाई."

"दादा येऊन गेला होता, वयनी. येऊ नोको म्हने."

"दादाले मी सांगतलं नवतं. मी वाट पाहून राहिली होती. पाच डाव दाराकडं पायलं मी. लोक हासले असते, त त्याले काय वाईट वाटलं असतं का? तोबी हासला असता."

मैदानात खरी शांतता झाली ती आता. जिलेबीवालाही झारा हातात धरून उभा होता. गोपीभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "जुना लाव."

जुना सिनेमा माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होता. तो नसेल असा माझा एक दिवस जात नाही, लाज वाटते म्हणून काय झालं. मी लावला. बैल आला आणि पोरं नाचायला लागली. मोबाइल खिशात गेले, जिलेबीकडे गेलेल्या बाया परत आल्या. गोपीभाऊंनी आपली खुर्ची सावित्रीबाईंना दिली आणि स्वतः खाली तणसाच्या पेंढ्यावर बसले.

आणि मरणाचा शीन आला. मनिराम गर्दीतून उठला. लुंगी सावरत, जरासा लंगडत, तसाच जसा चालायचा. माझा लग्नातला कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला आणि वरून पाकळ्या पडू लागल्या. मनिराम टॉवेलनं तोंड पुसतो, ते आम्ही आजवर वैशाखाचा घाम समजत होतो. आता पडद्यावर एवढं मोठं तोंड समोर होतं. डोळे लाल, खालचा ओठ दातांत धरलेला. माणूस ढसाढसा रडायच्या बेतात होता. आपल्या मरणावर न हसता रडेल अशा ज्या एका माणसासाठी गोपीभाऊ सतरा वर्षं झुरले, तो त्यांच्याच छातीवर वाकून उभा होता, आणि त्यालाच आम्ही कापून फेकला होता.

हजार माणसांनी एका सुरात वाक्य म्हटलं आणि मैदान हसून फुटलं. सावित्रीबाईसुद्धा म्हणाल्या, पदरानं डोळे पुसत, हसत. गोपीभाऊ आजवर त्या शिनमध्ये स्वतःलाच पाहत आले होते. त्या दिवशी त्यांनी मनिरामला पाहिलं आणि ते रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

पौषात एका पहाटे सुशिलाबाई गेल्या. पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी, गोपीभाऊंच्या आळीतलीच. एकुलती लेक मंजू देवरीहून आठ दिवस आधीच सेवेला आली होती. कोणी निरोप घेऊन येण्याआधीच गोपीभाऊ घरातून निघाले. मी त्या दिवशी गावात होतो, म्हणून सोबत गेलो. खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. त्यांनाही भरली असणार, कारण दारात ते थबकले आणि चपला काढायला त्यांना फार वेळ लागला.

अंगणात सगळ्यांच्या माना वळल्या. कोणी खोकलं, कोणी तोंडावर टॉवेल धरला. मंजू आईच्या उशाशी बसली होती. बाया काळजीत होत्या, कारण पहाटेपासून तिच्या डोळ्याला टिपूस नव्हतं. हलवलं तर हलत होती, बोलवलं तर बोलत नव्हती. तिनं वर पाहिलं. समोर गोपीभाऊ, हात जोडून.

मंजू हसली. चांगली मोठ्यानं हसली. "गोपीकाका," ती म्हणाली, "माय रोज फोनमंदी तुमालेच पाहे जी. काल संध्याकाळीबी म्हने, गोपीले मरताना दाखव..." आणि तिथं तिचा आवाज फुटला. तिनं गोपीभाऊंच्या पायांना मिठी मारली आणि अशी ओरडून रडली की बाहेर उभ्या गड्यांनीही डोळे पुसले. गोपीभाऊ तिच्याजवळ खाली बसले. "रड बाई," म्हणाले, "रड. मी बसलो हाओ इती." बाया म्हणाल्या, बरं झालं बाप्पा, पोरीचं मन मोकळं झालं.

तिरडी उचलायच्या वेळी मंजूनंच सांगितलं, "काका, तुमी पुढं धरा." मोक्षधाम तलावाच्या पलीकडे आहे, चांगला पाऊण कोस. वाटेत दोघांनी खांदा बदलायला हात पुढे केला. गोपीभाऊंनी मान हलवून नाही म्हटलं आणि ते चालत राहिले.